अक्का रेलनं, आम्ही विमानानं

आमच्या ह्यांनी निवृत्तीच्या दिवशी, सत्काराची शाल घडी घालून ठेवता ठेवता, एक प्रतिज्ञा केली होती. आता मरेपर्यंत रेल्वेत बसणार नाही. एकतीस वर्षं ते कुंभकोणमहून आडुतुरैला पॅसेंजरने जात होते. तिथल्या भात संशोधन केंद्रात त्यांची नोकरी. वाट तशी अर्ध्या तासाची, पण समोरून एखादी मोठी गाडी यायची असली की पॅसेंजरला मधल्या स्टेशनात बाजूला उभी करायचे, आणि हे खिडकीतून त्याच एका चिंचेच्या झाडाकडे बघत बसायचे. माझ्याकडे त्यांनी एवढा वेळ कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

प्रतिज्ञा पाच वर्षं सुखाने पाळली गेली, कारण आम्ही कुठे गेलोच नाही. मग मुलाने पुण्यात मुलगी पसंत केली.

आमचं घराणं तंजावरच्या मराठी दरबाराच्या मागे मागे इकडे आलं, आणि दरबार गेला तरी इथेच राहिलं. त्यानंतर महाराष्ट्रात परत राहायला गेलेला पहिला माणूस म्हणजे आमचा मुलगा, तोही कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी हे लिहिते आहे ती मराठी पुस्तकं आणि मासिकं वाचून कमावलेली. घरातली निराळी. ती पुण्यातल्या लोकांना ऐकवली तर ते आधी गप्प होतात आणि मग कौतुक करतात, आणि दोन्ही सारखंच टोचतं.

मुलाचा फोन आला. "अम्मा, साखरपुडा रविवारी सकाळी साडेदहाला. तुम्ही दोघं विमानानं या. तिरुच्चीहून बंगळूर, बंगळूरहून पुणे. शनिवारी सकाळी निघालात की संध्याकाळच्या कॉफीला इथे."

ह्यांचा चेहरा असा उजळला की जणू विमान त्यांनीच शोधून काढलं होतं. त्यांनी मोबाइलवर आकाशातली विमानं दाखवणारं काहीतरी उतरवून घेतलं आणि त्या दिवसापासून जेवताना मला सांगू लागले, "हे बघ, हे आत्ता आपल्या डोक्यावरून कोलंबोला चाललंय." मीही काही कमी केलं नाही. मी गणिताची शिक्षिका होते. माझ्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना मी दोन दिवसांत अशा रीतीने फोन केले की प्रत्येकीला साखरपुड्याआधी विमानाची बातमी कळली.

राहिली अक्का. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. वय बहात्तर. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देता देता तिची स्वतःची बोलायची हौस कधी भागली नाही. जवळच साक्कोट्टैला एकटी राहते. भाच्याचा साखरपुडा म्हणजे ती येणार हे उघडच होतं. मुलाने तिचंही तिकीट काढायला तिला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का बसने आमच्याकडे आली, चप्पल काढायच्या आत म्हणाली, "मी रेलनं जातें."

"अक्का, रेलनं दोन दिवस जातील," हे म्हणाले.

"जाऊं देत. मज दुसरें काय काम आहे?"

"विमानात दोन तासांत पुणं येतं."

"मग सकाळपासोन सांजपर्यंत कां लागतें, तो म्हणाला तसें?"

ह्यांनी तिला समजावलं की आधी तिरुच्ची विमानतळापर्यंतची टॅक्सी, मग तिथे लवकर पोचणं, मग बंगळूरला थांबणं. समजावता समजावता त्यांच्याच लक्षात आलं की दोन तासांचा प्रवास दहा तासांचा होत चालला आहे, आणि ते थांबले.

"रेलमध्यें माणसें भेटतात," अक्का म्हणाली. "विमानांत अस्की लोकं, सगळींच्या सगळीं, पुढच्याच्या टाळक्याकडे पाहोन बसतात."

"तू कधी बसलीस विमानात?"

"टीव्हींत पाहिलें."

असं म्हणून ती उठली आणि स्टेशनावर जाऊन, अर्ज भरून, खिडकीवर रांगेत उभी राहून तिकीट काढून आली. गुरुवारी दिवसाच्या गाडीने चेन्नई, तिथे आमच्या आतेभावाकडे मुक्काम, शुक्रवारी दुपारी पुण्याची गाडी, शनिवारी सकाळी पुणे. खालचा बर्थ मिळाला म्हणून तिने ते तिकीट आम्हाला दोनदा वाचून दाखवलं.

मग बांधाबांध सुरू झाली आणि विमानाचं खरं रूप दिसू लागलं. ह्यांनी बॅग अडकवून वजन करायचा एक आकडा आणला होता. विहीणबाईंना द्यायला आम्ही नाचियार्कोविलहून पितळेची समई करवून घेतली होती, कमरेएवढी. तिने एकटीनेच बॅगेचं निम्मं वजन खाल्लं. हे समई एका हाताने धरून विचार करत उभे राहिले. मग म्हणाले, "अक्का, ही एवढी तुझ्याकडे ठेवतेस का?"

अक्काने ठेवली. त्यामागोमाग तिरट्टुपालचा डबा गेला, आटवलेल्या दुधाचा तो गोड जड गोळा. मग विड्याच्या पानांचं पुडकं गेलं, केळीच्या सोपटात बांधलेलं. मग मुलाचा लहानपणीचा चांदीचा पेला. गुरुवारी सकाळी स्टेशनावर अक्काला सोडायला गेलो तेव्हा तिच्यासाठी दोन हमाल करावे लागले. विमानाचा प्रवास एवढा सुटसुटीत कसा असतो ते मला तेव्हा कळलं. सामान रेल्वेने गेलेलं असतं.

आमच्या बॅगेत उरलं ते हलकं आणि महत्त्वाचं: नवरीला द्यायची रेशमी साडी, माझी साडी, ह्यांचं जरीकाठाचं वेष्टी म्हणजे धोतर, कॉफीची पूड, आणि ओटीत घालायला सुक्या खोबऱ्याच्या पाच वाट्या, हळदीकुंकू लावलेल्या.

शनिवारी ह्यांनी मला इतक्या लवकर विमानतळावर नेलं की आमच्या विमानाचं नाव फळ्यावर यायलाच अजून वेळ होता. ते बूट घालून आले होते. मुलीकडच्यांच्या दारात चपला घालून कसं उतरायचं, असं त्यांचं म्हणणं. बॅग पट्ट्यावर गेली, आम्ही हात हलके करून पुढे गेलो, आणि दहा मिनिटांत ध्वनिक्षेपकावर ह्यांचं नाव आलं. पहिल्यांदा ते खूष झाले. त्यांना वाटलं सगळ्यांचीच अशी नावं घेतात.

आत एका टेबलावर आमची बॅग उघडी पडली होती. गणवेशातली एक मुलगी, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची, हातात खोबऱ्याची वाटी धरून उभी होती.

"सार, हे कोप्परै आहे ना?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"हो."

"सार, कोप्परै विमानात चालत नाही. तेल असतं. पेट घेऊ शकतं."

हे मला पाठ असलेल्या स्वरात म्हणाले, "मी सगळे नियम वाचलेत."

मुलीने टेबलावरचा कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यावर बंदुकीचं चित्र होतं, फटाक्यांचं होतं, आणि खाली खोबऱ्याचंही होतं. हे चष्मा वर करून बराच वेळ ते वाचत राहिले.

"साखरपुड्यासाठी आहे," ते शेवटी म्हणाले.

"शुभकार्य आहे सार, मला कळतं," ती म्हणाली आणि पाचही वाट्या एका डब्यात टाकल्या. डब्यात आधीच वीसपंचवीस वाट्या होत्या. म्हणजे तिरुच्चीच्या मुलखातली बरीच शुभकार्यं त्या सकाळी तशीच पुढे निघाली होती.

विमानात हे नवव्या रांगेत आणि मी तेविसाव्या. शेजारी शेजारी बसायचं तर जागा निवडायचे वेगळे पैसे होते, आणि चाळीस वर्षं एका घरात काढल्यावर एका तासासाठी ते कशाला द्यायचे असं ह्यांनी ठरवलं होतं. माझ्या दोन बाजूंना दोन तरुण कानात बोंडं घालून झोपले होते. अक्काचं म्हणणं खरं होतं, मी पुढच्याच्या टाळक्याकडेच बघत होते. मध्येच नवव्या रांगेतून ह्यांनी मला दिसावं म्हणून हात वर केला. त्याबरोबर हवाईसुंदरी त्यांच्याकडे आली. नाही म्हणायचा त्यांना संकोच वाटला असावा, कारण बंगळूरला उतरले तेव्हा त्यांच्या हातात कागदी पेल्यातला अर्धवट भिजलेला उपमा होता.

"चव बरी आहे," ते म्हणाले. मला त्यांनी एक घास दिला. नव्हती.

बंगळूरला आम्हाला तीन तास थांबायचं होतं. तीन तास झाले तेव्हा फोनवर संदेश आला की विमानाला अर्धा तास उशीर आहे. अर्ध्या तासाने आणखी अर्ध्या तासाचा. आडुतुरैची पॅसेंजर तरी गप्प उभी राहायची. हे विमान दर अर्ध्या तासाला आमची क्षमा मागत होतं, आणि ह्यांची अशी समजूत होती की क्षमा मागतात म्हणजे काम चालू आहे.

अक्काचा फोन आला. "कोठें आहांत?"

"बंगळूरला."

"अजोन? मी सकाळीं नऊला पोचलें. ह्यांच्या घरींच आहें. आंघोळ झाली, जेवण झालें, आतां थोडी निजतें."

"ह्यांच्या म्हणजे कोणाच्या?"

"तुझ्या व्याह्यांच्या. स्टेशनावर घ्यायला आले होते. दोघेजण."

मी फोन ठेवला. हे म्हणाले, "काय म्हणते?" मी म्हटलं, "निजते."

संध्याकाळी पाचला सांगितलं की विमान आज जाणार नाही. कर्मचाऱ्यांची कामाची वेळ संपली. कंपनीने आम्हा सगळ्यांना एका दूरच्या लॉजवर नेलं आणि पहाटे परत आणलं. त्याबद्दल एवढंच सांगते की आंघोळीला एक वाटीभर गरम पाणी आलं आणि ते आम्ही वाटून घेतलं. मोठी बॅग कंपनीच्याच ताब्यात होती. आदल्या दिवशीच्याच सुती साडीत मी रविवारी सकाळी पावणेनऊला पुण्यात उतरले.

बॅगा येणाऱ्या पट्ट्याजवळ आम्ही उभे राहिलो. सगळ्यांच्या आल्या. एक कोणाचीच नसलेली निळी बॅग तीन फेऱ्या मारून गेली. मग पट्टा थांबला.

खिडकीवरचा तरुण फार सभ्य होता. त्याने संगणकात बघितलं आणि म्हणाला, "मॅम, काळजी करू नका. तुमची बॅग अगदी सुरक्षित आहे."

"कुठे?"

"बंगळूरला."

त्याने अर्ज दिला. बॅगेत काय काय आहे ते लिहायचं होतं. मी लिहिलं: नवरीची साडी, माझी साडी, वेष्टी. खोबरं लिहू का म्हणून मी ह्यांना विचारलं. सबंध प्रवासात मी त्यांना दुखावेल असं एवढंच बोलले, आणि मला ते बोलताना बरं वाटलं होतं हेही इथे लिहून ठेवते.

मुलगा गाडी घेऊन बाहेर उभा होता. त्याने माझ्या साडीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. एकुलत्या एका मुलाच्या साखरपुड्याला त्याची आई अशी येणार. गाडीत मी रडले. फार नाही, पण हे पुढच्या सीटवरून वळून बघण्याइतकं.

"विहीणबाईंकडे मागू का एखादी?" मुलगा म्हणाला.

"मागून बघ," मी म्हटलं. "मग मी इथूनच परत जाते."

कार्यालयाच्या दारातच अक्का उभी होती. धुऊन वाळवलेली साधी सुती साडी, केसात फूल. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, माझा दंड धरला आणि मला बायकांच्या खोलीत नेलं. तिथे तिची ती पत्र्याची पेटी होती. तिने दोन रेशमी साड्या काढल्या. एक जांभळी, एक मोरपंखी.

"ही तूं नेस. ही नवरीला दे. ती नवी आहे, घडी मोडली नाहीं."

"अक्का, आणि तुम्ही?"

"मज कोण पाहतें."

"दोन कशाला आणल्या होत्यात?"

"रेलचा प्रवास. एकीवर कोणीं चहा सांडला तर?"

मी जांभळी नेसले. अक्का माझ्यापेक्षा बरीच उंच आहे आणि तिचे झंपर मला होत नाहीत, त्यामुळे वरचा झंपर माझा प्रवासाचाच राहिला, पदराखाली लपवलेला. ह्यांनी व्याह्यांचं धोतर नेसलं. मोरपंखी साडी नवरीला दिली तेव्हा तिने ती हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "किती सुंदर." मी मान डोलावली. साडी मीच निवडल्यासारखी डोलावली. अक्का कोपऱ्यात उभी राहून बघत होती आणि तिने एक अक्षर काढलं नाही. तेव्हा काढलं नाही, असं म्हणायला हवं. त्यानंतर कुंभकोणमात ते कळायचं राहिलेलं घर नाही.

कार्य छान झालं. आमची समई पाटाजवळ उभी होती, पानं ताजी होती. आणि अक्का म्हणजे एका दिवसात त्या घरातली मोठी असामी झाली होती. मुलीचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, तिच्यामागे मोबाइल घेऊन फिरत होते. त्यांनी तिचं बोलणं भरून घेतलं होतं. पाहुण्यांना धरून आणायचे आणि म्हणायचे, "ऐका, ह्या 'विचारलं' म्हणत नाहीत, 'पुसलें' म्हणतात. म्हणून दाखवा हो." अक्का म्हणून दाखवायची. मग पाहुणे म्हणायचे, "ॲक्च्युअली किती क्यूट आहे ना? किती जुनी मराठी."

चौथ्या का पाचव्या पाहुण्याला अक्का म्हणाली, "तुमचीही नीट वापरा. होईल जुनी."

आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाहुणीला काही कळलं नसावं. तिने अक्काबरोबर फोटो काढून घेतला.

जेवताना अक्काने रेल्वेच्या गोष्टी सांगितल्या. सोलापूरच्या एका कुटुंबाने तिला बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कशी खाऊ घातली, त्यातल्या लहान मुलीला तिच्या मांडीवरच कशी झोप लागली, एका शाळामास्तरांनी आपली सगळी कर्मकहाणी तिला कशी ऐकवली. सगळे ऐकत होते. माझ्याकडे सांगायला तेविसावी रांग होती. मी श्रीखंड खाल्लं.

परतीचं विमान मंगळवारचं होतं, आणि अक्काची गाडीही मंगळवारचीच. सोमवारी संध्याकाळी बॅग आली. तिच्यावर 'घाई' अशा अर्थाची लाल चिठ्ठी होती. ती उघडून मी माझी साडी बघितली, घडीसुद्धा विस्कटली नव्हती, आणि ह्यांना सांगितलं, "मी अक्काबरोबर जाते."

"विमानाचं तिकीट आहे तुझं."

"असू दे. बाजूला बॅग ठेवा."

"नेहमी असं होत नसतं," ते म्हणाले.

"तुम्ही या की मग रेलनं."

"माझी प्रतिज्ञा आहे."

मुलाने मला तत्काळमध्ये बर्थ मिळवून दिला, अक्काच्याच डब्यात. अक्का खूष होईल असं मला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "तूं कशाला?"

गाडी पुण्यातच अडीच तास उशिरा आली. त्याबद्दल कोणी आमची क्षमा मागितली नाही. डब्यात चादरी दमट होत्या. समोरच्या बर्थवर दोन भाऊ होते, बाजूच्या बर्थवर एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी, वर कोणीतरी झोपलेलं, ज्याचे फक्त पाय मी प्रवासभर पाहिले. मी चटणीची वाट बघत बसले. दोघा भावांनी आपापला मोबाइल काढला. बाईने काढला. मुलीचा काढलेलाच होता. एकाच्या फोनवर क्रिकेट, एकाच्या फोनवर कोणीतरी हसत होतं, पुन्हा पुन्हा तेच हसणं. अक्काने बाईला पुसलें, "कोठें जातां?" बाई म्हणाली, "चेन्नई," आणि फोनमधून मान वर न करता हसली. संपलं. मग अक्का खिडकीकडे तोंड करून बसली. सोलापूर आलं, गेलं. संध्याकाळ झाली. शौचालयाबद्दल मी लिहिणार नाही, माझ्या विद्यार्थिनी हे वाचतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आंध्रातल्या कुठल्याशा माळावर उभी राहिली. तासभर हलली नाही. चहावाला आला तेव्हा अक्का त्याच्याशी चांगली पाच मिनिटं बोलली. त्याचं गाव, त्याची आई, चहात आलं का नाही. तो गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, येताना तुम्हाला चांगली माणसं भेटली. आपलं नशीब बघा."

ती चहा पीत राहिली.

"येतांना कोणी बोललें नाहीं," ती म्हणाली.

"मग ते सोलापूरचे?"

"ते मागें. आम्ही मैत्रिणी काशीला गेलों होतों तेव्हां. तुझा मुलगा शाळेंत होता."

"आणि मास्तर?"

"तेही तेव्हांचेच. परतींत."

आधी मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, अर्धा तास तरी झाला. आठवड्याभरात पहिल्यांदा मी तिच्या बरोबरीला आले होते. मग गाडी तशीच उभी राहिली, आणि मी तिच्याकडे नीट पाहिलं. दोन दिवस आपल्याशी कोणी बोललं नाही हे या बाईने आमच्यापासून आणि पुण्यातल्या शंभर माणसांपासून लपवलं होतं, आणि तेही बोलून बोलून लपवलं होतं.

"मग एवढा हट्ट कशाला केलात? विमानानं आमच्याबरोबर आला असतात."

"तुझ्या मुलानें मज फोन केला ना तिकिटासाठीं," ती म्हणाली. "नांव पुसलें. वय पुसलें. मग पुसलें, अत्ते, व्हीलचेअर होणा कां?"

"हवी का, असं त्याने काळजीने विचारलं असेल."

"काळजीनेंच पुसलें. मी साक्कोट्टैच्या देवळाला रोज तीन फेऱ्या घालतें. समई कोणीं नेली? व्हीलचेअर म्हणे."

तिने रिकामा पेला चुरगळून माझ्या हातात दिला, टाकून यायला. त्यानंतर चेन्नईपर्यंत ती माझ्याशी बोलली. एक्स्चेंजमधल्या गोष्टी, कोणाचे फोन कोणाला जोडले, कोणते मुद्दाम जोडले नाहीत. चाळीस वर्षांत आम्ही एवढ्या कधी बोललो नव्हतो, कारण एरवी आमच्यामध्ये हे असायचे. गंमत आली. पण त्यासाठी दमट चादर लागतेच असं मी म्हणणार नाही.

कुंभकोणमला आम्ही गुरुवारी संध्याकाळी पोचलो. हे स्टेशनाबाहेर रिक्षा घेऊन उभे होते, दाढी केलेले, ताजेतवाने. त्यांची दोन्ही विमानं वेळेवर होती. दुसरं तर वीस मिनिटं आधीच उतरलं. मंगळवारी रात्रीचं जेवण त्यांनी घरी केलं होतं, आणि बुधवारी दिवसभर त्यांनी गल्लीत हेच सांगितलं असणार, कारण रिक्षावाल्यालाही ते ठाऊक होतं.

"वीस मिनिटं आधी," ते मला म्हणाले.

"ऐकलं," मी म्हटलं. ज्या दिवशी पोचायची काहीच घाई नव्हती त्या दिवशी पोचले होते.

आता लग्न आमच्याकडे आहे, कुंभकोणमात. मध्यंतरी विहीणबाईंचा फोन आला. चाळीसेक माणसं निघणार, तर रेल्वेने यावं की विमानाने? मी फोन मोठ्या आवाजावर टाकला ही चूक झाली. हे म्हणाले, विमानच, दुसरा विचारच करू नका. अक्का योगायोगाने आलेली होती. ती म्हणाली, रेलसारखें सुख नाहीं, वाटेंत किती माणसें भेटतात. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊ आणि बहीण इतकं मोठ्याने बोलू लागले की विहीणबाईंनी मलाच विचारलं, "तुमचं काय मत?"

मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि त्यांना सांगितलं की कशानेही या, पण दोन दिवस आधी या, आणि नवरीच्या साड्या हातातल्या पिशवीत ठेवा. आणि खोबरं आणू नका, इथे मिळतं. त्यांनी थांबून ते लिहून घेतलं. आमच्या घरात माझं म्हणणं कोणी लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

चार दिवसांनी मुलाने कळवलं की आजोबांनी ठरवलं आहे, सगळ्यांनी बस करून यायचं. पुण्याहून थेट, वाटेत दोन मुक्काम. पूर्वज ज्या रस्त्याने गेले तो रस्ता त्यांना डोळ्यांनी बघायचा आहे.

ही बातमी मी दोघांना सांगितली तेव्हा हे आणि अक्का बाहेरच्या ओट्यावर बसले होते.

"बसनं?" हे म्हणाले.

"ऐंशी वर्षांचा माणूस," अक्का म्हणाली. "कंबर राहील कां?"

"मुळीच राहणार नाही. रस्ते तू पाहिलेस ना?"

"वेडेपण आहे."

"शुद्ध वेडेपण."

मग दोघं बराच वेळ, एकमेकांच्या शब्दाला शब्द जोडत, त्या बसला नावं ठेवत बसले. मी आत जाऊन तिघांसाठी कॉफी टाकली.